पाहुण्यांची खुर्ची

तीर्थरूप ताईस,

बसल्या जागी पाणी मागणाऱ्या तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरचे त्यांचे घरगुती प्रयोग, दोन्ही थांबले असतील अशी आशा करतो. मी ठीक आहे. (ठीक म्हणजे कमरेतून वाकता येत नाही आणि उजव्या कानाला निळा रंग लागलाय, तो घासूनही जात नाही.)

तू बजावून पाठवलं होतंस, की मुलगा काय, चार दिवस कोणीही गोड वागेल, तू घर बघ. पोरगी इतक्या परक्या मुलखात द्यायची, मन घेत नसेल तर स्पष्ट नाही म्हणून ये. पोरीनंही कबूल केलं होतं, बाबा नाही म्हणाले तर विषय संपला. म्हणून मी शाळा तपासायला जायचो त्याच थाटात, कोट घालून इथे उतरलो. तीस वर्षं शाळा तपासल्या, ताई. मी दिसलो की हेडमास्तर स्वतःची खुर्ची पुढे सरकवायचे. इथे दुसऱ्याच दिवशी सकाळी मुलाच्या आईनं माझ्या हातात ओल्या चादरीचं टोक दिलं.

मला वाटलं, चादर दाखवतायत. मी 'छान' अशी मान हलवली. (भाषेची बोंब. पोरगी घरात नसली की मान हाच आमचा संवाद.) तेवढ्यात बाई दुसरं टोक धरून पिळायला लागल्या. मीही पिळली. दोघंही एकाच बाजूला पिळत होतो, त्यामुळे चादर नुसतीच गोल फिरत राहिली आणि पाणी निवांतपणे माझ्या बुटात गळत राहिलं. दुपारी मुलाच्या वडिलांनी (सायकली दुरुस्त करतात, माणूस मितभाषी) मला शिडी धरायला उभं केलं. तिसऱ्या दिवशी निळ्या रंगाचा डबा, ब्रश आणि एक अख्खी खिडकी. मुलाच्या होणाऱ्या सासऱ्याला हे लोक घरगड्यासारखं राबवतात, तर उद्या माझ्या पोरीचं काय करतील? ब्रश हातात असतानाच मी 'नाही' पक्कं केलं.

आणि तेवढ्यात एक विमेवाला आला. त्याला बाहेरच्या खोलीतल्या एकुलत्या एका गादीच्या खुर्चीवर बसवलं. चहा हातात दिला. त्याचा चमचा खाली पडला तर उचलायला बाई स्वतः धावल्या. मी खिडकीतून बघत होतो आणि खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. पोरीला बाजूला घेऊन झाडलंच. तर ती म्हणाली, "बाबा, ते पाहुणे आहेत. तुम्हाला त्या खुर्चीवर बसवलं असतं ना, तर मला रडू आलं असतं." या घरात परक्याला काडी उचलू देत नाहीत. हातात काम दिलं की तो माणूस घरचा झाला. ती या घरी यायला लागली तेव्हा तिलासुद्धा पहिले दोन महिने त्याच खुर्चीवर बसवत होते म्हणे. मला एका दिवसात उठवलं. माझा ऊर भरून आला, ताई.

त्या भरात मी खिडकी इतकी मन लावून रंगवली, की दार आणि चौकट एक झाली. वाळल्यावर उघडेचना. व्याह्यांनी दोनदा ढकलून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला. पोरगी त्याचा अर्थ सांगायला तयार नाही, पण विमेवाल्याला तो शब्द कोणी वापरला नसता. मग दोघं सुऱ्या घेऊन दीड तास कडा खरवडत बसलो. इतका मी तिची आई गेल्यापासून हसलो नव्हतो.

घर बघितलं. पोरीला हो सांगितलं.

तुझा,
भाऊ

ता. क. – पुढच्या महिन्यात व्याही आणि विहीणबाई आपल्याकडे येतील. मागचं दार अडकतं म्हणून मी सुताराला सांगून ठेवलंय, त्याला फोन करून नको म्हण. ते दार व्याह्यांसाठी राखून ठेवलंय.

ता. क. आणखी एक – गेल्या वर्षी तू पंधरा दिवस राहायला म्हणून आलीस आणि चौथ्या दिवशी गेलीस. मी तुला पेलासुद्धा विसळू दिला नव्हता. वर म्हणालो, तू पाहुणी आहेस, बस. मी परत आलो की ये. तिच्या आईचं कपाट अजून तसंच आहे, मला एकट्याला आवरत नाही.