नागावचा मुक्काम

सोनिवली, बदलापूर
१२ जानेवारी २०२५

ती. विठाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. अक्षरावरून बोलू नकोस. नाताळच्या सुट्टीत नागावला येऊन गेलो, तेव्हापासून तू गप्प आहेस. बाबा रोज विचारतात, ताईचा फोन आला का. नाही म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढवतात.

पोरं अजून घोडागाडीचंच बोलतात. मला मात्र तिथे सारखं चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. लहानपणी समुद्रावरून आलो की तू आम्हाला विहिरीपाशी ओळीत उभं करायचीस आणि कानामागची वाळू निघेपर्यंत घासायचीस. आमचा जितेश रडला की त्याच्यावर अजून एक कळशी. मग पडवीत गोधड्यांवर सगळे आडवे. आत्या, काय चुकलं ते तरी सांग.

आहे तो जीव आमच्यावर राहू दे.
तुझी शलाका


नागाव
२१ जानेवारी

चि. शलाका हिला आत्याचे अ. उ. आ.

काय चुकलं विचारतेस? कमाल आहे गो तुझी. मी आठवडाभर गाद्या उन्हात घातल्या, पडवी धुऊन काढली, आणि तुम्ही उतरलात रिसॉर्टवर. माझ्या दारावरून तुमची गाडी पुढे गेली ती मी ओट्यावरून बघितली. दुसऱ्या दिवशी विकतच्या मिठाईचा डबा घेऊन जेवायला आलात, पाव्हण्यांसारखे. जेवलात, हात पुसलेत, गेलात. शेजारची मालिनी विचारते, भावाशी वाजलं का तुझं. तिला काय सांगू?

जितेश म्हणतो, तुला त्रास नको म्हणून. त्रास परक्यांचा होतो. आणि तुझ्या बापाला तर माझ्याकडे बघवतही नव्हतं. मे महिन्यातही रिसॉर्टवरच या, मला कळवू नका.

धाकट्याला खोकला होता, तो गेला का तेवढं लिही.
अजून तरी तुझीच, आत्या


सोनिवली
३० जानेवारी

ती. विठाआत्यास शि. सा. न.

खोकला गेला. आता लिहिते ते बाबांना कळू देऊ नकोस. त्यांनी जितेशला शपथ घातली होती, ती त्याने काल मोडली.

गेल्या मे महिन्यात तुझ्या परसातल्या संडासात बाबा बसले ते उठताच येईना. गुडघे धरले. हाक मारायची लाज, कारण अंगणात तू आमसुलं वाळत घालत होतीस. शेवटी जितेशने जाऊन काखेत हात घालून उठवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, तुला वाटलं ऊन लागलं. नंतर जितेशला म्हणाले, "ताईला हे कळलं तर मी तिच्या दारात पाय ठेवणार नाही."

म्हणून रिसॉर्ट. तिथे कमोड होता, बास. संध्याकाळभर गॅलरीतून तुझ्या माडांकडे बघत बसले होते.

राग सोड, एवढंच मागते.
तुझी शलाका


नागाव
१८ मार्च

चि. हिरामण यास ताईचे आशीर्वाद.

पोरीला ओरडू नकोस, सांगितलंन ते बरं केलंन. इतके दिवस पत्र नाही कारण घरात गवंडी होता. मधल्या खोलीला लागून आपण भाताची कणगी ठेवायचो ना, तिथे कमोड बसवलाय. धरायला भिंतीत दांडी. गवंडी म्हणाला, आजी, या वयात ही हौस? म्हटलं, माझा भाऊ यायचाय.

पहिली मीच बसले. तुला म्हणून सांगते, उठले आणि रडले. अरे, दोन पावसाळे मी काठी टेकत परसात जाते, भिंत धरून उठते. एकदा पडलेही. सांगितलं नाही, कारण ताईला झेपत नाही म्हणून तुम्ही यायचं बंद केलं असतं. आई असती तर दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला असता तिने.

मे महिन्यात या. जितेशला आधी पाठव, गाद्या उन्हात घालायला माणूस हवा. मिठाईचा डबा दिसला तर दारातून परत पाठवीन. विहिरीवर आता मोटर आहे, पण पोरांच्या अंगावर पाणी कळशीनेच पडायला हवं. दोन खुर्च्या काढून ठेवल्यात. मी बसून घासीन, तू बसून ओत.

वाट बघणारी,
तुझी ताई