मागच्या खोलीतले चार फूट

तीर्थरूप मामा यांसी,

भाच्याचा आणि भाचेसुनेचा वाकून नमस्कार. तुमचा खांदा आता कसा आहे? हात वरपर्यंत जातो का? (उगीच विचारत नाही, कारण पुढे येईल.) मामींचा खोकला थांबला असेल. इकडे आम्ही ठीक. आईचे गुडघे तेवढे ठीक नाहीत, आणि या पत्राची सुरुवात तिथूनच होते.

तीन महिने झाले, आईला जिना चढवत नाही. ती बैठकीच्या खोलीत दिवाणावर झोपते, म्हणजे पडून राहते. समोर टीव्ही, शेजारी येणारे-जाणारे, आणि पार्सल द्यायला कुणी आलं तरी तिला उठून नीट बसावं लागतं. तिचं मागणं एकच, दार असलेली खोली. दार लोटून घेतल्यावर झोपलीस का, असं कुणी विचारू नये. म्हणून तळमजल्यावर एक खोली वाढवायची ठरली आणि मी आर्किटेक्ट शोधायला निघालो. मी साधी चप्पल घ्यायलाही बायकोला बरोबर नेतो, हे तुम्हाला माहीत आहेच. या वेळी ती म्हणाली, "आई तुमची, तुम्हीच निवडा."

पहिले गृहस्थ फार हळू बोलायचे. आईच्या खोलीला तीन बाजूंनी काच हवी, म्हणजे त्यांना बागेचा सहवास लाभेल, असं त्यांचं मत पडलं. (बाग म्हणजे आपली पाण्याची टाकी आणि दोन कुंड्या.) आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी कपडे कुठे बदलायचे?" गृहस्थांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि पुन्हा फिरकले नाहीत. दुसरे आले ते भिंती ठोकतच. बैठकीची ठोकली, स्वयंपाकघराची ठोकली, जिन्याखाली वाकून ठोकली, आणि दर वेळी डॉक्टरसारखं "हं" म्हणाले. तासाभराने निदान झालं, घर पाडून नवं बांधा. मी आपला मान डोलावत होतो (माझी मान एकदा डोलायला लागली की आवरत नाही), तेवढ्यात आईने विचारलं की तोवर माझा दिवाण कुठे ठेवणार. त्यांचंही तिथेच संपलं.

तिसऱ्या आल्या त्या एक बाई. काहीही मत न देता त्यांनी टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि घर आधी बाहेरून मोजलं, मग आतून. मागच्या अडगळीच्या खोलीशी येऊन थांबल्या. बेरीज केली, परत केली, मला परत टेप धरायला लावली. भिंतींची जाडी सोडून आत दहा फूट भरायला हवे होते, भरले सहा. "तुमचे चार फूट कुठे गेले?" असं त्यांनी विचारलं, जणू ते मीच खाल्ले होते.

आता मामा, कसं लिहू? ते चार फूट म्हणजे तुमचं कपाट. अकरा वर्षांपूर्वी तुमच्याकडे काम करायला जागा नव्हती, म्हणून महिनाभर आमच्याकडे राहून तुम्ही ते बनवलंत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत. (काम उत्तम. एकही दार अजून कुरकुरत नाही.) न्यायच्या दिवशी कळलं की ते खोलीबाहेर निघत नाही. दोन महिन्यांत येऊन सुटं करून नेतो म्हणालात, आणि गेलात ते गेलातच. पुढे रंगाऱ्याने त्यालाही भिंतीचाच रंग फासला आणि आम्हीही त्याला भिंतच समजू लागलो. बाईंनी कपाट उघडलं, आत शिरल्या आणि आतूनच सांगितलं की नव्या खोलीची गरज नाही, हे काढा, दिवाण मावतो आणि दार आहेच. स्वतःचं काम स्वतःच घालवणारा आर्किटेक्ट मी पहिल्यांदाच पाहिला. अर्थात त्यांनाच निवडलं. आता त्यांना काम काय द्यावं, याचा विचार चालू आहे.

मामींना नमस्कार, आणि खांद्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. कपाट काढायला मी सुतार बोलावला होता. आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. माझ्या भावाच्या हातचं काम आहे, कुणी हात लावायचा नाही, म्हणाली. तेव्हा तुम्हीच यावं. खांद्याची चौकशी त्यासाठीच होती.

ता. क. दुसरा. कपाट रिकामं करायचा त्रास पडणार नाही. तुम्हाला ते न्यायचंय म्हणून आईने अकरा वर्षांत त्यात एक चादरही ठेवू दिलेली नाही.

ता. क. तिसरा. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, हे सगळं खोड, त्याला वाईट वाटेल, आणि मी सांगते तेवढंच लिही. तिच्याच शब्दांत लिहितो: "ते दारातून जायचं नाही, हे तू आडवी फळी धरलीस तेव्हाच मला दिसलं होतं. बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशीच निघाला असतास. आता सुटं करायला ये. सावकाश कर."