केदारनं बदललेले ब्रेक

बाबा,

गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलून झालेत. सुरुवातीचे काही दिवस करकचून ब्रेक दाबू नका.

दोन रविवार पार्किंगमध्ये चाकांपाशी मी बसले होते आणि बंधुराज केदार वर झोपले होते. तरी काल लिफ्टपाशी तुम्ही दीनानाथकाकांना म्हणालात, "आमच्या केदारनं घरच्या घरी केलं सगळं." मी काळ्या हातांनी तिथंच उभी होते. वर त्यांच्याही गाडीचं काम तो या रविवारी करेल, असं कबूल करून मोकळे झालात.

करू दे की. नवे पॅड बसवताना मागच्या ब्रेकचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवावा लागतो, एवढं त्याला सांगा.

मी वारज्याला मैत्रिणीकडे राहायला जातेय. पान्यांची पेटी माझी आहे, ती नेतेय. काकांनी विचारलं तर सांगा, केदारनंच नेली.

उत्कर्षा