मकुरूची तारीख

२६ मे

पाऊस लागला. एल्वी मावशी सकाळपासून दाराशी. काळे काकाकुवे आत, रानाकडे गेले म्हणे. "मकुरू आला. चल, मला लिंडसेकडे सोड."

म्हटलं, शाळेतल्या तक्त्यावर मकुरू, आमचा थंडी-पावसाचा ऋतू, एक जूनला लागतो.

"पावसाने वाचलाय का तो तक्ता?"

पण एक तारखेलाच वाचनालयात माझं भाषण. आम्हा नूंगार आदिवासींचे सहा ऋतू! लिंडसेमामा तिचा धाकटा भाऊ, आत रानाकडे ब्रुकटनला एकटा, छातीच्या दुखण्याने खंगलेला. दोन तासांचा तर रस्ता. रविवारी नेते म्हटलं.

३० मे

नेलं नाही. भाषण अपुरं होतं. मावशीची भरलेली पिशवी अजून दाराशीच.

लिंडसेमामाचा फोन — "सावकाश ये गं पोरी. शिजवायला कांगारूची शेपटी आणून ठेवलीय, तिला कुठं पळायचंय?" हसला. मग खोकतच राहिला. मावशीला खोकल्याचं सांगितलं नाही.

१ जून

भाषण झालं. साठ माणसं! मी ऐटीत सांगितलं — मकुरू लागला की आमची माणसं समुद्राचा वारा सोडून आत सरकायची, म्हाताऱ्यांना आधी न्यायची. टाळ्या. आणि माझी म्हातारी इथे मँडुरात, समुद्रापासून चार घरांवर, ओल्या भिंतीला टेकून बसलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी टाळ्या आवडल्या, हेही लिहायला हवं.

घरी आले तर मावशी विचारते, "काय सांगितलंस लोकांना?"

"ऋतूंचं."

"बरं. आता मला सांग, कधी?"

शनिवारी. नक्की.

३ जून

रजा मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही.

५ जून, शनिवार

पहाटे ब्रुकटनहून शेजारणीचा फोन. मामा गेला. गेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, इथेही लिहीत नाही.

मावशी कोट घालून तयार, आनंदात. मला सांगवेना. वाटेत सांगू म्हटलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आपण येतोय हे कळवलंस ना? काय म्हणाला...?" तिने नाव घेतलं, मी लिहीत नाही.

"मामा म्हणाला, या."

"चार मामा आहेत तुला. कुठला?"

"ब्रुकटनचा."

तिने कोटाचं वरचं बटण सोडलं. मग हळूच म्हणाली, "नाव का घेत नाहीस?"