फणसासाठी तिरकी भिंत

शहापूर, १८ नोव्हेंबर २०२४

ती. हौसाआत्यास मितालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला रेघा म्हणजे मुंग्या दिसतात, म्हणून नकाशा कागदावर छापून पाठवतेय. तुझ्या नव्या खोलीची फणसाकडची भिंत मी तिरकी केली. पाया आहे तिथेच, पण वर ती खोलीत झुकलीय. म्हणजे फणसाची आडवी फांदी वाचते. दिवाळीत आपण दोघींनी फांदीची उंची मोजली होती, तीच कॉम्प्युटरमध्ये घातली. भिंत कलवली तर दारही तिच्याबरोबर कललं. तसं ते सारखं आपोआप उघडलं असतं, म्हणून समोरच्या सरळ भिंतीत नेलं.

ऑफिसातले स्वरूप सर म्हणाले की घराच्या भिंती सरळ असतात, उगाच वेळ घालवू नकोस. मी ऐकलं नाही. झाड तोडल्याशिवाय खोली होणार नाही, असं तुझे दीर जयरामकाका सगळीकडे सांगतात ना, त्यांना हा कागद दाखव.

माया आहे तशीच असू दे.
तुझी मिताली

मुरबाड, १० जानेवारी २०२५

चि. मितालीस अ. उ. आ.

कागद भावजींना दाखवला. म्हणाले, वाकडी भिंत बघून गाव हसेल. मी म्हटलं, हसू दे. हसून दमलं की गरे मागायला माझ्याच दारात येईल. लग्नाच्या वर्षी तुझ्या आजोबांनी आटगावहून दिलेलं रोप आहे ते. माहेरचं एवढंच तर राहिलंय माझ्याकडं, ते मी कुणाला तोडू देणार नाय.

तुझ्या मामांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, फोटो मात्र त्या भिंतीला टेकायचा नाय, पुढं झुकून राहील. चालेल. पानात काय वाढलंय ते बघायला ते असेच वाकायचे.

पण गो, एक घोळ झालाय. शाम गवंड्यानं तुझ्या कागदाप्रमाणं भिंतीच्या खुणेला तिरके बांबू उभे केले, आणि फांदी त्यांच्यावरच बसली. भाताची झोडणी झाल्यावर आमी दरवर्षीसारखा पेंढा फणसावर रचला, गुरांनी खाऊ नये म्हणून. त्या ओझ्यानं फांदी हातभर खाली आली. दिवाळीत ती रिकामी होती, हे आपल्या दोघींच्या ध्यानातच आलं नाय. भावजींना आयतंच फावलं. पुढच्या रविवारी तोडणारे आणतो म्हणतात.

मी पेंढ्यासकट पुन्हा मोजलंय. काठीला खूण केली आणि काठीच शेजारच्या गोदूबरोबर पाठवतेय, तो बाजाराला येतोय. आता तुझं तू बघ.

जेवणाखाणाची आबाळ करू नको.
तुझी आत्या

शहापूर, १६ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

काठी पोचली. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं की कुणाला मारायला आणलीस. मी सांगितलं, जो भिंत सरळ कर म्हणेल त्याला.

भिंत आणखी कलवली. खोली वर अरुंद होईल, कपाट त्या बाजूला राहणार नाही, आणि खिडकी भिंतीबरोबर झुकेल. स्वरूप सर सही करायला तयार नव्हते. मीही त्यांच्या टेबलापासून हलले नाही. झाड तोडूनच घर होणार असेल तर नकाशा काढायला आपण कशाला हवेत, असं स्पष्ट विचारलं. मग त्यांनी स्वतःच छताची तुळई सरकवून दिली आणि सही केली. रागावलेत अजून. असू देत.

गोदूबरोबरच नकाशा धाडतेय. मला हा फणस हवाय, आत्या. मागे हटू नकोस.

तुझी मिताली

मुरबाड, २० जानेवारी २०२५

चि. मितालीस अ. उ. आ.

कागद वेळेत आला. शामनं बांबू पुन्हा लावले. काल तोडणारे कुऱ्हाडी घेऊन आले तेव्हा मी भावजींना म्हटलं, तुमीच वर चढा आणि हवा तेवढा पेंढा रचा. त्यांनी इरेला पेटून स्वतःच्या खळ्यावरचाही आणून लादला. फांदी करकरत खाली आली नि बांबूंच्या अलीकडंच थांबली. मधे माझा हात जात होता, मी सगळ्यांदेखत घालून दाखवला.

तोडणारे चहा पिऊन परत गेले. जोत्याचं काम उद्या सुरू होतंय. संध्याकाळी भावजी पेंढा उतरवायला आले तेव्हा विचारलं की ही भिंत सरळ कधी करणार.

मी सांगितलं, फणस सरळ झाला की.

गरे खायला ये.
तुझी आत्या