हिरव्या शालूचा अंगरखा

१० जानेवारी १९२७, तळेगाव
इंदुरीहून सकाळीच आलो. दत्तोबांच्या नाटक मंडळीत शिंप्याची जागा मिळाली. खोली हवेशीर, खिडकीतून तळे दिसते, मशीदही जवळ. नव्या नाटकात दत्तोबा स्वतः पेशवाईतल्या सरदाराचे काम करणार. त्यांचा अंगरखा मला बेतायचा आहे. जुने पोशाख दाखवून ते म्हणाले, "बघा फकरूभाई, सरदार कसले, आम्ही बँडवाले दिसतो!" मनापासून हसलो. अल्लाची मेहेरबानी.

११ जानेवारी
बाजारातली जरीची किनार दिव्यापुढे पितळेसारखी दिसते. म्हणून दत्तोबांनी आपल्या मयत बायकोचा, कस्तुराबाईंचा, हिरवा शालू कापायला दिला. मंडळीचा स्वयंपाक कस्तुराबाईंची धाकटी बहीण सरुबाई करते. शालू पाहून तिच्या हातातली पळी थांबली. मग तिने सांगितले. सवाष्ण गेली की तिला माहेरचे लुगडे नेसवूनच नेतात. कस्तुराबाईंनी मरताना हात जोडून हाच माहेरचा शालू मागितला होता. दत्तोबांनी जरीच्या लोभाने तो ठेवून घेतला आणि जुनेर गुंडाळून तिला जाळले.
म्हणजे हे कफनच. मी कात्री खाली ठेवली. तर सरुबाईच म्हणाली, "ठिवता कशाला, भाऊ? शिवा. लय घट्ट शिवा."

१४ जानेवारी, जुम्मा
पोटासाठी कात्री लावली होती. माप चोख, तरी अंगरखा छातीत आवळला. काल उसवून सैल केला. आज पुन्हा आवळलेला. शिवणीत बारीक टाके आहेत, माझे नाहीत. सरुबाईने त्यांवरून बोट फिरवले. "अक्काचाच हात. चोळ्या अशाच शिवायची." तिला हसताना प्रथमच पाहिले.

१७ जानेवारी
दत्तोबांना विनवले, शालू इंद्रायणीत सोडू. ते म्हणाले, मेलेल्या बायका शिवायला लागल्या तर शिंपी कशाला पोसू? उद्या प्रयोग.

१८ जानेवारी, दुपार
बाकीची मंडळी सामान घेऊन पुढे गेली. दत्तोबांनी अंगरखा चढवला आणि बंद तुटला. माणसाच्या अंगावर कपडा शिवू नये. नको म्हटले. ऐकेनात. एक टाका घातला—
सुई हातातून सुटली. आपणच चालू लागली. छातीवरून गळ्याकडे—
उसवतो तेवढे शिवले जाते. कात्रीसाठी खोलीत धावलो. सरुबाईने बाहेरून कडी घातली. "ऱ्हाऊ द्या, भाऊ. तिचं तिला करू द्या."

दार फुटत नाही. दत्तोबा आता ओरडत नाहीत. कुणाला हे सापडले तर— मी नको म्हटले होते—

दाराखालून हिरवा धागा आत येतो आहे. पुढे सुई.
शालूला कात्री मी लावली, हे तिला—
या अल्ला, बाहीत पहिला टा—