शेठ आणि चुकचुक

११ जानेवारी १९५९, रविवार

काठेवाडीच! कोणीही पैज लावा! कान उभे केले की दोन्ही टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. इतके दिवस चित्रातच बघत होते, आज अंगणात उभा! रंग तांबूस, आयाळ काळी — म्हणजे कुमैत. हिरामणमामांचा जुना घोडा दिवाळीत गेला, तेव्हापासून टांगा दारात आडवा पडून होता. आज मामा भिवंडीहून हा घेऊन आले. तिथल्या एका शेठच्या बग्गीला होता, म्हणून आत्यानं नावच ठेवलं — शेठ.

मी म्हणाले, "मामा, हा काठेवाडी आहे. कान बघा ना!"

मामा म्हणाले, "दोन हायेत ना? मग झालं."

१२ जानेवारी

शेठनं माझ्या हातून गूळ खाल्ला. ओठ किती मऊ! शाळेतही हात धुतला नाही. आत्या ओरडली, "आता त्याच हातानं जेवनार काय गो?" जेवले!

१७ जानेवारी, शनिवार

आज मोरा बंदराच्या धक्क्यावर मामांबरोबर पुढे बसून गेले. आत्याचे यजमान म्हणून मामा, पण लाड सख्ख्या मामासारखे करतात. शेव्याहून शाळेसाठी उरणला राहायला आले, त्याला तीन वर्षं झाली, एकदा कपाळाला आठी नाही.

टांग्यावर बसलं की मला काय वाटतं ते लिहून ठेवते. खाली असले की काठी आली, डावा पाय ओढणं आलं. लहानपणी ताप आला नि पाय बारीक राहिला. त्यात आईबापांनी नाव ठेवलेलं पुतळा! गावातल्या पोरांना आयतंच मिळालं. "पुतळा चालला, पुतळा चालला!" वर बसले की मात्र कोणी काही म्हणत नाही. समोर शेठचे कान, त्यांच्या मधून रस्ता दिसतो.

पण आज घोटाळा झाला. लाँच लागली, दोन बायका मागे बसल्या. एकीला माझी काठी दिसली. काय ते हळहळणं! आणि अजून मामांनी लगामसुद्धा नीट धरला नव्हता, तोच शेठ सुटला! बाईंची वांग्यांची टोपली रस्त्यावर. मामा उभे राहून ओढतायत, बायका देवाचा धावा करतायत. पार पिंपळापाशी थांबला.

मला खूप मजा आली. हे फक्त इथेच लिहिते.

२५ जानेवारी, रविवार

पुन्हा सुटला. या वेळी मागे एक म्हातारे मास्तर होते. त्यांचा चष्मा पडला. मामांनी सगळ्यांसमोर शेठला शिव्या दिल्या, मग घरी येऊन त्याच्या मानेला तेल चोळत बसले.

२९ जानेवारी

धक्क्यावरचे टांगेवाले म्हणतात, कपाळावरचा भोवरा वाईट आहे. एक म्हणतो, वेडा आहे. एक म्हणतो, बाधा आहे, लिंबू उतरवा. आत्यानं उतरवलं. शेठनं लिंबू खाल्लं.

१ फेब्रुवारी, रविवार

तिसऱ्यांदा. मागे उतारू बसलेले असताना चाक गटारात गेलं. कोणाला लागलं नाही ही देवाची कृपा. मामा जेवले नाहीत. म्हणाले, "उद्या एखाद्याचं पोर पडलं तर? शिमगा झाला की पनवेलच्या पंढरीला देतो. त्याची वीटभट्टी हाय. तिथं माती वाहील."

काठेवाडी घोडा! माती वाहणार! मी मोठ्यानं रडले. मामांनी मान फिरवली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

दुपारी शेठला गवत घालत होते. त्याच्या गुडघ्याला परवाचं खरचटलेलं दिसलं. माझ्या तोंडून सहज निघालं, "च्च् च्च्, बिचारा." झालं! कान जोडले, मान वर, आणि असा हिसका दिला की खुंटा हलला. मी पुन्हा केलं — च्च् च्च्. पुन्हा हिसका! भिवंडीला त्याला चालवायची खूण हीच असणार! आमचे मामा "हय् हय्" करतात, ते त्याला समजतच नाही, म्हणून मेल्यासारखा चालतो. आणि मागून कोणी चुकचुकलं की त्याला वाटतं, मालक म्हणतोय, पळ!

इतकी हसले की खाली बसले. आणि मग हसू थांबलं. कारण आठवलं. टोपलीवाली, मास्तर, परवाचे ते उतारू — सगळे माझ्याकडे बघूनच चुकचुकले होते.

४ फेब्रुवारी

मामांना सांगितलं. आधी हसले. मग त्यांनाही कळलं. म्हणाले, "लोकांची तोंडं कोन बांधनार?"

मी म्हणाले, मी टांग्यावर बसत नाही उद्यापासून. मी नसले की कोणी चुकचुकणार नाही, शेठ पळणार नाही, माती वाहायला जाणार नाही. सरळ हिशोब आहे.

मामांनी मान डोलावली. मला वाटलं होतं नको म्हणतील. खोटं कशाला लिहू, खूप वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी

आठवडाभर शाळेत पायी. शेठ शहाण्यासारखा चालतो म्हणे. तळहातावर काठीचा वळ आलाय. ठीक आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ठीक नाही! मुळीच ठीक नाही!

आज टांग्याची वाट बघत पडवीत बसले होते. शेजारच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली. आमचं मांजर पूर्वी त्या घंटीला माळ्यावर चढायचं, आज कानसुद्धा हलवला नाही. रोज ऐकून ऐकून त्याला काहीच वाटेनासं झालंय. मग शेठला का होणार नाही? रोज चुकचुकायचं, आणि उभा राहिला की चणे द्यायचे!

मामा म्हणाले, "आनी चुकचुकनार कोन?"

१५ फेब्रुवारी, रविवार

अंगणात टांगा जोडला. चाकांना दगड लावले. मी पुढे बसले. मामा शेठच्या तोंडाशी चणे घेऊन. आत्याला मागे बसवलं आणि म्हटलं, माझ्याकडे बघ नि चुकचुक.

आत्याला येईचना! ओठ करते नि हसते. मी म्हणाले, "मनापासून कर गं!"

तर म्हणते, "मनापासून कुठनं आनू? तुझी कीव येत नाय मला, राग येतो! सकाली उठत नाय, ताट उचलत नाय, चनं घोड्याला नि माझ्या डब्यात टरफलं!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. देवा, अशी आत्या सगळ्यांना दे. तिला हे सांगितलं नाही, सांगितलं असतं तर आणखी ओरडली असती.

१६ फेब्रुवारी

शेवटी शेजारच्या काशीकाकूला बोलावलं. तिला काही शिकवावंच लागलं नाही! टांग्यात बसली, माझ्याकडे बघितलं आणि सुरू. "च्च् च्च्, सोन्यासारखी पोर गो, च्च् च्च्, कोन करनार हिला!" शेठनं दगडासकट टांगा ओढला. मामा लोंबकळत होते.

१९ फेब्रुवारी

काशीकाकू रोज येते. आत्या तिला चहा देते. गंमत म्हणजे मला आता तिचं ऐकून काहीच होत नाही. मी शेठचे कान बघत असते. आज कान जोडले, पण पाय हलले नाहीत. चणे! चणे! आणखी चणे!

२ मार्च

काकू तांदूळ निवडत निवडत चुकचुकते. शेठ डुलकी काढतो.

९ मार्च

काशीकाकू आज चुकचुकायचंच विसरली! टांग्यात बसून मला सुनेच्या तक्रारी सांगत होती. "तूच सांग पुतळा, माझं काय चुकलं?" मी सांगितलं, चुकलं काकू. रागावली, पण उद्या पुन्हा येते म्हणाली. माझा सल्ला घ्यायला!

१५ मार्च, रविवार

आज खरी परीक्षा. मामा स्वतः म्हणाले, "चल, बस वर." धक्क्यावर सगळे टांगेवाले आमच्याकडे बघत होते, एकानं तर आपला टांगा लांब नेला.

लाँचवरून एक जाड बाई उतरल्या. मागे बसल्या. काठी बघितली. पाय बघितला. मी डोळे मिटून घेतले. काय तो आवाज! काशीकाकू त्यांच्यापुढे काहीच नाही.

शेठनं एक कान मागे वळवला. मग शेपटीनं माशी हाकलली. उभाच!

मामांनी वळून हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तुमचं लई उपकार!" बाईंना काही कळेना.

मी "चल शेठ" म्हटलं. आणि निघाला. माझ्या बोलण्यावर निघाला!

२६ मार्च, गुरुवार

शिमगा झाला. पनवेलहून पंढरी आला. मामांनी त्याला पुरणपोळी खायला घातली, घोड्याला खरारा करून दाखवला, कान दाखवले — "काठेवाडी हाय, टोकं बघा कशी टेकतात!" — आणि देत नाही म्हणून सांगितलं. पंढरी चिडून गेला. मामा हा शब्द बोलले, काठेवाडी! मी आत कान देऊन ऐकत होते.

५ एप्रिल, रविवार

बसले! घोड्यावर बसले!

पीरवाडीच्या किनाऱ्यावर, ओहोटीला. मामांनी टांगा सोडला, पाठीवर घोंगडी टाकली, मला उचलून वर ठेवलं. खोगीर नाही, रिकीब नाही. आयाळ घट्ट धरली. दोन्ही पाय लोंबत होते, जमिनीला एकही लागत नव्हता, म्हणून दोन्ही सारखेच! शेठ आधी चालला, मग त्याची ती काठेवाडी चाल सुरू झाली, पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला तर सांडणार नाही अशी. मी ओरडत होते, हसत होते, वाळू उडत होती. मामा मागून पळत होते, "हलू गो! हलू!" मला हळू नको होतं.

उतरल्यावर शेठच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिले. त्याला काय सांगू? सगळ्यांना पळवलंस, आणि मला पळायला शिकवलंस. आभार मानायचे म्हटलं तर गूळच देता येतो, तो दिला.

मामांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. म्हणाले, "पुरे आता. घोड्यालाही जेवायचं हाय."

१२ एप्रिल, रविवार

आज मामा मागच्या शिटावर बसले आणि विडी पेटवली. उतारू आला, म्हणाला, "टांगेवाला कुठे गेला?"

मामा म्हणाले, "पुढं बसलीय की."